पहिल्या रिंगला

हिंदुरावांनी आयुष्यात कधी फोन दुसऱ्या रिंगपर्यंत वाजू दिला नाही. टेलिफोन खात्याच्या तक्रार कक्षात एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. एकशे अठ्ठ्याण्णव फिरवला की पलीकडून जो आवाज येई, तो बहुधा त्यांचाच असे. त्या काळी पुण्यात फोन मिळायला सात-आठ वर्षं थांबावं लागे आणि मिळालेला फोन मुका झाला की भलीभली मंडळी हिंदुरावांशी लोण्यासारखं मऊ बोलत. पुढे दिवस पालटले. खासगी कंपन्या आल्या, भाजीवाल्याच्या कानालाही फोन लागला, तक्रार कक्ष ओस पडला आणि हिंदुराव स्वेच्छानिवृत्ती घेऊन सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन बसले. सवय मात्र सुटली नाही. आंघोळीला जातानाही फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीत ठेवायचे.

माणूस मूळचा वाईकडच्या खेड्यातला. पण पुण्यात आल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यांनी आपलं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ गिळून टाकलं आणि इथला तुटकपणा असा काही अंगी बाणवला की पेठेत जन्मलेल्यांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. रिक्षावाल्याशी, दूधवाल्याशी, सोसायटीच्या चेअरमनशी त्यांचं एका वाक्यात काम व्हायचं. दुसरं वाक्य समोरच्याला सुचतच नसे. याचा त्यांना भारी अभिमान होता.

निवृत्तीनंतर या अभिमानाला एक नवं कुरण मिळालं. फसवणुकीचे फोन. तुमचं कार्ड बंद पडणार आहे, तुमची वीज आज तोडणार आहेत, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये भलतंसलतं सापडलंय. लोक असे फोन आले की घाबरतात किंवा फोन कापतात. हिंदुराव खुर्ची ओढून बसायचे. समोरच्याला अर्धा-अर्धा तास झुलवायचे, आणि शेवटी तो पत्ता मागायला लागला की आपला ठरलेला पत्ता द्यायचे: खडकवासला, धरणाच्या अलीकडे डाव्या हाताला, पिवळ्या फाटकाचा बंगला, बाहेर चाफा. असा बंगला त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पण सांगून सांगून त्याचं फाटक, त्यावरचा गंज, चाफ्याखालचा कचरा असं सगळं इतकं पक्कं झालं होतं की ऐकणाऱ्याला शंका यायची सोय नव्हती. मग नंबर ब्लॉक करायचा आणि वहीत नोंद. तारीख, वेळ, फोन नंबर, बाई की पुरुष, नाटक कसं वठलं. दोनशेच्या वर नोंदी झाल्या होत्या.

ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस बद्रीनाथ यांनी एकदा त्यांचं भाषणच ठेवलं. हिंदुराव वही घेऊन उभे राहिले. ‘सगळ्यात वाईट फोन कुठला सांगतो,’ ते म्हणाले. ‘मुलाचं नाव घेऊन येणारा. मुलगा अडचणीत आहे म्हणतात. आवाज घाबरा काढतात. घाई करतात. आणि नेमकं काय झालंय ते काही केल्या सांगत नाहीत. ही तीन लक्षणं दिसली की डोकं बर्फात ठेवायचं.’ टाळ्या पडल्या. बद्रीनाथांनी ती तीन लक्षणं फळ्यावर लिहून घेतली, ती पुढे दोन महिने कुणी पुसली नाहीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सौरभ, वय बत्तीस, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. होता म्हणजे मार्चपर्यंत. आधी चार महिने कंपनीने त्याला कामाविना बेंचवर बसवून ठेवलं, मग एका सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये मोकळं केलं. वाकडला तो दोघा मित्रांबरोबर राहायचा, ते घर सोडून तो मारुंजीला एका खोलीत गेला. वडिलांना त्याने हे दोन वाक्यांत सांगितलं. वडील म्हणाले, ‘एक गेली, दुसरी मिळेल. आम्ही काय कमी दिवस काढले?’ यात दुष्टावा नव्हता. हिंदुरावांना खरंच वाटत होतं की यालाच धीर देणं म्हणतात.

दर रविवारी सौरभ जेवायला यायचा. दर रविवारी ताटात थोडं जास्त टाकायचा. दाढी वाढलेली, हाताची नखं खाल्लेली. आईला, शैलाला, ते दिसत होतं. हिंदुरावांनाही दिसत होतं, खोटं कशाला बोला. पण विचारायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि आपण होऊन शिकावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तक्रार ऐकायची सवय त्यांना होती, पण ती समोरच्याने नंबर फिरवून, नाव-गाव सांगून केलेली असली तर.

एप्रिलच्या एका रविवारी भात कालवता कालवता सौरभ म्हणाला, ‘बाबा, एका ठिकाणी मी तुमचा नंबर दिलाय.’

हिंदुरावांचा घास थांबला. ‘कुठल्या ठिकाणी?’

‘एक फॉर्म होता, ऑनलाइन. गरज पडली तर त्या तुम्हाला फोन...’

‘ऑनलाइन! अख्ख्या संघाला मी ओरडून सांगतोय नंबर वाटू नका, आणि चिरंजिवांनी घरातच दिवे लावले. आणखी काय काय दिलंस? आधार? पॅन?’

‘तसलं काही नाही हो. त्या बाई...’

‘बाई असो नाहीतर बुवा. येऊ दे फोन. कसं बोलायचं ते मी बघून घेतो.’

सौरभने ताटात बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, ‘बरं. आला तर फक्त उचला.’

‘न उचलायला काय झालंय? पहिल्या रिंगला उचलतो मी.’

‘ते माहितीये मला,’ सौरभ म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून हिंदुरावांना बरं वाटलं. आपण विनोद छान केला असं त्यांना वाटलं.

त्यानंतरचा तिसरा शुक्रवार. शैला मंडईत गेली होती, लोणच्याच्या कैऱ्या फोडून आणायला. हिंदुराव पेपर संपवून शब्दकोड्याला हात घालणार तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. अकरा वाजून चाळीस मिनिटं.

‘नमस्कार, मी पूर्वा बोलतेय. आपण सौरभचे वडील का?’

‘आपल्याला कोण हवंय?’

‘सौरभचे वडील. काका, जरा तातडीचं आहे. सौरभ आत्ता तुमच्याकडे आलाय का?’

हिंदुराव सरसावून बसले. मुलाचं नाव, घाबरा आवाज, तातडी. ‘आपण कुठल्या कंपनीतून?’

‘कंपनी नाही. सौरभ माझ्याशी... माझ्याशी बोलतो दर आठवड्याला. त्याला या क्षणी मदतीची गरज आहे, काका. सगळं मला फोनवर सांगता येणार नाही, पण तो कुठे आहे ते...’

‘सांगता येणार नाही ना? मग मलाही ऐकता येणार नाही,’ असं म्हणून हिंदुरावांनी फोन ठेवला. तीनही लक्षणं जशीच्या तशी. बद्रीनाथांना सांगायला हवं.

दहा मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. आता मात्र हिंदुरावांना चेव आला. एकदा झिडकारल्यावर परत येते म्हणजे बाई चिकट आहे, हिला खेळवायलाच हवं.

‘काका, प्लीज ठेवू नका. वाकडच्या पत्त्यावर पोलीस जाऊन आले. तिथे आता दुसरे लोक राहतात. तो सध्या कुठे राहतो तेवढं फक्त सांगा.’

‘पोलीसही आहेत का बरोबर? वा.’

‘काका, मी हात जोडते.’

‘अहो हात कशाला जोडता? लिहून घ्या.’ हिंदुरावांनी आवाजात मधाचं बोट फिरवलं. ‘खडकवासला. धरणाच्या अलीकडे, डाव्या हाताला. पिवळं फाटक आहे, थोडं गंजलंय. बाहेर चाफा. कुणालाही विचारा.’

पलीकडून पेनचा आवाज आला. बाईने पत्ता परत वाचून दाखवला, चाफ्यासकट. मग ती रडायलाच लागली. ‘थँक्यू काका. खूप खूप थँक्यू. तुम्हीही निघा.’

‘निघालोच,’ हिंदुराव म्हणाले आणि नंबर ब्लॉक केला. मग वही उघडून तो नंबर उतरवला आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: नोंद २१४. शुक्रवार, ११.५२. बाई, वय अंदाजे तीस. नाव पूर्वा (खोटं). रडण्याचं नाटक उत्तम. खडकवासल्याला पाठवली.

शैला पाऊण वाजता आली. घामाने डबडबलेली, दोन्ही हातांत पिशव्या. हिंदुरावांनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. खुर्चीत बसूनच बाईच्या आवाजाची नक्कल करून त्यांनी सगळा किस्सा सांगितला. आता ही बया चाफा शोधत धरणावर फिरत असेल, म्हणाले. शैला पदराने कपाळ पुसत होती. तिचा हात कपाळावरच राहिला.

‘नाव काय म्हणाली ती?’

‘पूर्वा. आडनाव सांगायचीही तसदी नाही.’

‘अहो,’ शैला म्हणाली. ‘अहो, त्याच्या त्या बाई आहेत. कौन्सेलर. दर शुक्रवारी व्हिडिओवर बोलतो तो त्यांच्याशी. मन थाऱ्यावर नाही म्हणून.’

‘मला कुठे कुणी सांगितलं?’

‘बाबांना मी सांगतो म्हणाला! त्या रविवारी तुमच्यापाशी बसून बोलत होता ना? मी पोळ्या करत होते. हसल्याचं ऐकलं, म्हटलं झालं सांगून एकदाचं.’

हिंदुरावांनी सौरभचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. त्यांना पूर्वाचा नंबर हवा होता, पण ब्लॉक केलेला नंबर परत काढायचा कसा हेच त्यांना माहीत नव्हतं. दोनशे चौदा वेळा दार लावलं होतं, उघडायची वेळ कधी आली नव्हती. शैलाने तिचा फोन पिशवीतून काढला, कैऱ्यांखालून, आणि वही पुढ्यात ओढली. नोंद २१४. नंबर सुवाच्य होता.

पूर्वाने पहिल्याच रिंगला उचलला. नाव कळताच ती ओरडली, ‘काका, तिथे असा बंगलाच नाहीये! पाऊण तास शोधतायत सगळे. तुम्हाला मी किती वेळा लावला!’

शैलाने फोन ओढून घेतला आणि मारुंजीचा पत्ता सांगितला.

दार तोडलं तेव्हा दीड वाजायला आला होता. सौरभ जिवंत होता. हॉस्पिटलात तो दोन दिवस जिवंत राहिला, रविवारी दुपारी, जेवायच्या वेळेला गेला. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, ‘तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.’ त्या बिचाऱ्याला काय माहीत. रोज कुणाकुणाच्या नातेवाइकांना म्हणत असेल तसं तो म्हणाला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला. शैलाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही बरेच दिवस नाही.

पूर्वा तेराव्यानंतर घरी आली. खरोखरच तिशीची होती, नोंद बरोबर होती. पाणी पुढे केलं तर पेला हातात धरून बसली. हिंदुराव वाट बघत होते, की ही आता बोलेल, तोंडाला येईल ते बोलेल. बोलावं असं त्यांना फार वाटत होतं. पण ती आपलंच सांगत राहिली.

‘पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते,’ ती म्हणाली. ‘पडद्यावरून मी तुमचं दार वाजवू शकत नाही, तुमच्या शेजारी येऊन बसू शकत नाही. म्हणून सुरू करायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. तुम्ही कुठे आहात, आणि वेळ आली तर मी कुणाला फोन करायचा. आणि ज्याचं नाव द्याल त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे माझा फोन आल्यावर तो गोंधळणार नाही. सौरभला मी दोनदा विचारलं, वडिलांना सांगितलंस का? सांगितलं, म्हणाला.’ तिने पेला खाली ठेवला. ‘मी तेव्हाच एक फोन करून तुमच्याशी ओळख करून घ्यायला हवी होती. दर वेळी तो म्हणायचा, घरीच आहे, खोलीतच आहे. कुठलं घर, ते मी परत विचारलं नाही. फॉर्मवर वाकड होतं.’

‘सांगितलं नव्हतं त्यानं,’ हिंदुराव म्हणाले. मग थांबले. ‘सांगत होता. मी सांगू दिलं नाही.’

शैला इतका वेळ भिंतीला टेकून होती. तिने विचारलं, ‘मला सगळं ठाऊक होतं. माझा नंबर का नाही दिला त्यानं? यांचाच का?’

सांगावं की नाही याचा पूर्वा विचार करत असावी. मग म्हणाली, ‘मी विचारलं होतं हे. आई फोन पिशवीत टाकते, तिला ऐकू येत नाही, म्हणाला. बाबा पहिल्या रिंगला उचलतात.’

ती गेल्यावर हिंदुरावांनी वही माळ्यावर टाकली. संघात जाणं बंद केलं. बद्रीनाथ दोनदा येऊन गेले, फळा आपण स्वतः पुसला असं त्यांनी दुसऱ्या वेळी सांगितलं. कैऱ्यांच्या फोडी त्या दिवशी पिशवीतच नासल्या होत्या, त्या वर्षी घरात लोणचं नव्हतं. नवरा-बायकोचं बोलणं औषधं आणि दूध यापुरतं उरलं. फोन मात्र अजूनही हिंदुरावांच्या उशाशी, खिशात, आंघोळीच्या खिडकीत असायचा. कार्डवाले, वीजवाले, कर्जवाले यांचे फोन येतच होते. ते पहिल्या रिंगला उचलायचे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे, नको म्हणायचे, आणि एकही नंबर ब्लॉक करायचे नाहीत.

जुलैमध्ये एका दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, मोडकंतोडकं मराठी.

‘सौरभचे वडील बोलतायत का? पोलीस ठाण्यातून बोलतो. तुमचा मुलगा आमच्याकडे आहे. मोठ्या लफड्यात आहे. वेळ फार कमी आहे.’

कुठल्यातरी यादीत ते नाव अजून जिवंत असणार. हिंदुरावांनी तीन शब्दांत ओळखलं. मुलाचं नाव, घाई, कारण नाही. ओळखायला त्यांना तेवढेही शब्द लागले नसते. शैलानेही त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि ती घास हातात धरून थांबली.

‘कुठं हाय त्यो?’ हिंदुराव म्हणाले.

चाळीस वर्षांत शैलाने त्यांच्या तोंडून हे बोलणं ऐकलं नव्हतं.

‘आधी सांगतो ते ऐका...’

‘बरा हाय का? जित्ता हाय न्हवं? बोलू द्या की त्येच्याशी.’

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग कुणीतरी फोनवर आलं आणि रडायला लागलं. ‘पप्पा, पप्पा, मला वाचवा.’ सौरभ त्यांना कधी पप्पा म्हणाला नव्हता. रडणंही बेतास बात होतं, वहीत नोंद करण्यासारखं नव्हतं. हिंदुराव खरकटा हात पुढे धरून, डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

‘रडू नगंस बाळा,’ ते म्हणाले. ‘म्या हाय हितंच. फोन उचललाय म्या.’

पहिला माणूस पुन्हा फोनवर आला. काम सोपं आहे असं त्याला वाटलं असावं, आवाज सैल झाला होता. ‘साहेब, आता पटकन पत्ता सांगा.’

शैला उठून त्यांच्याजवळ आली होती. फोन काढून घ्यायला तिने हात पुढे केला, पण हिंदुराव सांगायला लागले तसा तो तिने त्यांच्या खांद्यावर ठेवला.

‘लिवून घ्या,’ ते म्हणाले. ‘मारुंजी. शाळंच्या मागची गल्ली, चौथी बिल्डिंग. तिसरा मजला. खोली नंबर अकरा. दार आतनं लावलेलं असंल, तोडा. लिवलं का? परत वाचून दावा. आन् बेगीन जावा.’